निळ्या दोऱ्याचे दोन टाके

मोतीबिंदू काढला आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं की सूनबाई कोपरे झाडत नाही, आणि आमच्या ह्यांच्या कानात केसांचं रान माजलंय. दोन्ही गोष्टी मी जिथल्या तिथे बोलून टाकल्या. तिसरी दिसली तेव्हा मात्र माझी वाचा बसली. लेकीकडे जायचं म्हणून कपाटातून कोट काढला, अस्तर कुठे विटलंय का बघायला उलटा केला, तर आत, काखेखालच्या शिवणीत, निळ्या दोऱ्याचे दोन टाके.

आमची लॉन्ड्री आहे. ह्यांच्याकडे इस्त्री, सुनेकडे आणि तिच्या हाताखालच्या दोन नोकरांकडे मशीन, माझ्याकडे डागांचं टेबल. मुलगा गाडी घेऊन कपडे आणतो, पोचवतो. कपड्यांना कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या तर त्या पाण्यात विरघळतात, म्हणून आम्ही दोऱ्याची खूण घालतो. एका गिऱ्हाइकाच्या खिशातल्या पेनाने बावीस पांढरे शर्ट निळे केले होते, तेव्हा ही पद्धत मी काढली. चौथीत शाळा सुटलेल्या बाईने. लाल दोरा म्हणजे रंग सुटतो, वेगळं धुवा. पिवळा म्हणजे गरम पाणी नको. निळा म्हणजे ह्या माणसाच्या खिशांचा भरवसा नाही, दोनदा उलटे करा, निघेल ते डब्यात टाका. डबा ह्यांच्या टेबलावर असतो.

मी स्वेटर काढला. त्यालाही निळा दोरा. घरातला गाऊन, कामाचा एप्रन, सगळ्यांना तेच. लेकीने गेल्या हिवाळ्यात पाठवलेलं जाकीट, ज्याची घडी मी दोनदासुद्धा मोडली नव्हती, त्यालाही दोन टाके.

इतकी वर्षं दिसलं कसं नाही, असं कुणी विचारेल. जगाच्या कपड्यांची उलटी बाजू बघण्यात जन्म गेला. आपल्या कपड्यांची कोण बघतं? धुतलेले, घडी घातलेले कपाटात यायचे, मी अंगात घालायची. त्यात पाच वर्षं डोळ्यांवर साय.

टाका कुणाचा ते मला विचारावं लागत नाही. सुनेचे टाके म्हणजे कोंबडीचे पाय. मुलाला सुई ओवता येत नाही. हे दोन टाके एका मापाचे होते, आणि दोऱ्याची शेपूट आत वळवून दडवलेली. असं चाळीस वर्षांत एकच माणूस करतो.

मी कोट घेऊन मशीनच्या खोलीत गेले. सून ओले टॉवेल काढत होती.

"हे काय आहे?"

तिने बघितलं. "आई, तो दोरा आहे."

"मला आंधळी समजतेस?"

"आता नाही," म्हणाली. जीभ तिला माझ्याच घरात फुटलीय.

"कधीपासून?"

"तुम्ही केंद्रातून परत आलात ना, त्या आठवड्यापासून."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"मला कुणी काही सांगितलंच नव्हतं. दोरा दिसला, खिसे उलटे केले. नियम तुमचाच आहे ना? मशीनवर जो असेल तो करतो."

"मशीनवरच्या नोकरांनीही?"

"त्यांना कुठे माहीत, कुणाचा कोट आहे ते."

"आणि काय सापडलं ग तुम्हाला अकरा वर्षांत?"

तिने टॉवेल पिळला. "रुमाल. पेपरमिंट. बसची तिकिटं. आणि एकदा माझ्या कानातल्याची फिरकी, जी मी हरवली म्हणून तुम्ही मला आठ दिवस बोलत होतात."

मी कोट सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

केंद्र म्हणजे काय तेही सांगते, लपवायचं वय गेलं. मला दारूचं व्यसन नव्हतं. दारूचं असतं तर लोकांना वेळेत कळलं असतं. मला खोकल्याच्या औषधाचं होतं. डागांच्या द्रावणाने छातीत खवखवायचं, म्हणून दोन चमचे सुरू झाले. मग अर्धी बाटली, मग दिवसाला तीन. बाटल्या मी खळीच्या पिंपात बुडवून ठेवायची. हे माझे खिसे तपासायचे, उशी तपासायचे, केसांच्या अंबाड्यातसुद्धा बोटं घालायचे, आणि मी शपथा घ्यायची. एका दुपारी सून बाहेर गेली होती. तीन वर्षांची नात माझ्या भरवशावर होती. मी खुर्चीत बसल्या बसल्या झोपले. वाफेची इस्त्री चालू होती. पोरीच्या मनगटावर पेन्सिलीएवढा व्रण अजून आहे. आता ती माझ्यापेक्षा उंच झालीय, तरी तिने बाही वर सारली की मी भिंतीकडे बघते.

त्यानंतर चार महिने व्यसनमुक्ती केंद्रात. सुटून आले तेव्हा हे फाटकाशी उभे होते. पिशवी घेतली आणि म्हणाले, "आजपासून तुझ्या खिशात मी हात घालणार नाही."

त्या एका वाक्यावर मी अकरा वर्षं काढली. दर गुरुवारी आमची बैठक असते, सुटलेल्या आणि सुटू बघणाऱ्या लोकांची. तिथे नवी बाई आली, रडायला लागली, की मी तिला हेच सांगायची. सगळ्यांनी पाठ फिरवली तरी चालेल, घरातलं एक माणूस भरवसा टाकणारं हवं. माझ्या घरात ते आहे.

आणि वस्तू! खिशात विसरलेला माझा रुमाल, सुटलेलं बटण, अर्धं पेपरमिंट, सगळं दुसऱ्या दिवशी पलंगाशेजारच्या स्टुलावर ओळीने मांडलेलं असायचं. मला वाटायचं, किती जपतात मला. ते डब्यातून यायचं. तपासून, वास घेऊन झाल्यावर.

कुंपणानेच शेत खाल्लं.

मी कोट तसाच उलटा अंगात घातला आणि बाहेर पडले. पायात घरातल्या चपला. कुठे जायचं ते मला माहीत नव्हतं, पायांना होतं. कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे. त्याचं दार ढकललं की घंटी वाजते. मी रस्त्याच्या ह्या बाजूला उभी होते, दार बंद होतं, तरी मला घंटी ऐकू आली. मनात एकच. चोर म्हटलंच आहे, तर चोरी करून तरी घे. अकरा वर्षं फुकट साव राहिलीस.

भर दुपार होती. दुकानदार काचेआड जांभई देत होता.

तेवढ्यात सात नंबरची बस आली. ती चालवणारी बाई आमच्या गुरुवारच्या बैठकीतली. आम्ही तिला बसवाली म्हणतो, ती मला डागवाली म्हणते. तिला दारू सोडून एकोणीस वर्षं झाली. तिने मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "पाय तिकडे वळले की आधी माझ्या बसमध्ये बैस. दुकान कुठे पळून जात नाही." मी चढले. तिने आरशात बघितलं.

"कोट उलटा का?"

"जगाला सुलटी बाजू बघून कंटाळा आला असेल."

"बैस मागे माझ्या."

तिच्या डोक्यावर पाटी आहे, चालकाशी बोलू नये. ती पाटी फक्त इतरांना लागू. मी तिला सगळं सांगितलं. दोन थांबे गेले, शाळेची पोरं चढली, उतरली.

"मला रोज सकाळी डेपोत नळीत फुंकावं लागतं," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं. साहेब नळी पुढे करतो, मी फुंकते, तो चावी देतो. मला कधी अपमान वाटला नाही."

"कारण तो नळी तुझ्या नाकासमोर धरतो. तू झोपलीस की हळूच लावत नाही."

तिने गिअर बदलला. सिग्नलला थांबली तेव्हा म्हणाली, "हे खरं."

"मी काय सांगत आले ग त्या बायकांना? घरातलं एक माणूस, भरवसा… खोटी साक्ष दिली मी अकरा वर्षं."

"बरं. त्याचा भरवसा खोटा होता. मग अकरा वर्षं तुला धरलं कुणी?"

"मला कोडी घालू नकोस. उतरवून टाक मला."

"कुठे उतरवू? औषधाच्या दुकानाशी?"

मी उतरले नाही. पूर्ण फेरी मारली. ती म्हणाली ते मला त्या दिवशी पटलं नाही, आणि पटलं असतं तरी गोड लागलं नसतं. ज्या खांबाला टेकून उभी होते तो खांबच नव्हता, असं कळल्यावर कुणी आपल्या पायांचं कौतुक करत बसत नाही. आधी तोल जातो.

घरी आले तेव्हा हे इस्त्री करत होते. मी कोट काढून त्यांच्या टेबलावर आपटला.

"अहो, बंद करा ती वाफ."

त्यांनी बंद केली. कोटाकडे बघितलं. अंगठा टाक्यांवरून फिरवला आणि म्हणाले, "उसवत आलाय."

"लाज वाटत नाही?"

"वाटते," ते म्हणाले. "म्हणून तर दोरा घातला. तोंडाने कुणाला सांगवलं नसतं."

"फाटकाशी काय बोलला होतात?"

"हात घालणार नाही म्हणालो. नाही घातला."

"वा! दुसऱ्यांचे घातलेत आणि आपले सोवळे ठेवलेत. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून पातेलं भरलेलं राहतं का?"

ते खुर्चीवर बसले. ते माणूस भांडत नाही. भांडलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"बोललो तेव्हा ते खरंच होतं," म्हणाले. "मग त्या आठवड्यात पोरीच्या मनगटावरच्या व्रणाला मलम लावलं मी. ती रडली नाही. नुसती बघत होती माझ्याकडे. मला वाटलं, परत झालं तर हिला काय सांगू?"

"मला सांगायचंत. की बाई, भरवसा नाही, रोज खिसे दाखव. मी दाखवले असते."

"तू? तू दाखवले असतेस?"

अकरा वर्षांपूर्वीची मी आठवली. नसते दाखवले. टेबल उलथून दिलं असतं. पण हे त्यांना कशाला सांगायचं?

"डॉक्टर म्हणाले होते, घरच्यांनी विश्वास ठेवा," ते म्हणाले.

"म्हणून सोंग आणलंत."

"हो."

सरळ 'हो' म्हणाले. मग मला जाकीट आठवलं.

"पहिलं वर्ष मान्य. दुसरं मान्य. गेल्या हिवाळ्यातल्या जाकिटाला कशाला?"

त्यांनी इस्त्रीची वायर दांड्याला गुंडाळली. "सवय," म्हणाले.

"सवय कशाला म्हणतात ते मला शिकवू नका. त्यासाठी चार महिने राहून आलेय मी."

मग एकदम माझ्या डोक्यात दुसरं काही वाजलं. लेकीचं बाळंतपण झालं होतं, पंधरा दिवसांचं बाळ होतं. तिने मला बोलावलं तेव्हा मी हवेत होते. जी पोरगी केंद्रानंतर दोन वर्षं माझ्याशी शब्द बोलली नव्हती, तिने आपलं बाळ माझ्या हाती द्यायला बोलावलं. आणि हे म्हणाले होते, मीही येतो, सामान उचलायला.

"माझं सामान किती आहे हो?"

ते टेबलावरच्या शर्टाची पुन्हा घडी घालायला लागले.

"एक पिशवी. ती उचलायला दुकान बंद ठेवून दोन महिने येताय? कुणी सांगितलं?"

"तिने विचारलं होतं," ते हळू म्हणाले. "बाबा, चालेल ना, म्हणून."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, मी आहे सोबत."

चालेल, असं नाही म्हणाले. अकरा वर्षं एका पलंगावर झोपून एवढा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

मी लेकीला फोन लावला, त्यांच्यासमोरच.

"आई! बाबांनी तिकिटं काढली का?"

"बाबा येणार नाहीत."

पलीकडे बाळ कुरकुरलं. ती म्हणाली, "का ग? येऊ देत की. त्यांनाही नातू बघायचाय."

"बघायला दोन दिवस पुरतात. तू त्यांना पहाऱ्यावर बोलावलंयस."

"मी असं म्हटलंच नाही!"

"म्हणत नाहीस, तेच तर दुखणं आहे. तुझ्या मनात काय आहे ते मला सांग. बाबांना सांगून माझ्या पाठीमागून पाठवू नकोस. नळी माझ्या नाकासमोर धर."

"कसली नळी? आई, तू बरी आहेस ना?"

हा प्रश्न मला ओळखीचा आहे. आवाजात आधी दचकणं, मग गोडी. श्वास ऐकत होती माझा, जड लागतोय का.

"बरी आहे. शुद्धीत आहे. येईन तर एकटी येईन, आणि तू मला तोंडावर सांगितल्यावर येईन. नाहीतर कळव, येत नाही." आणि ठेवला.

आठवडाभर मी त्या बाळासाठी जुन्या मऊ चादरींची लंगोटं शिवत होते. बावीस झाली होती.

तीन दिवस फोन आला नाही. घरात मी ह्यांच्याशी बोलले नाही. वाढलं, उचललं, बोलले नाही. माझे खिसे मात्र रोज संध्याकाळी त्यांच्या टेबलावर रिकामे केले. रुमाल, पेपरमिंट, किल्ली. एक एक आपटून. ते म्हणायचे, "अगं, नको." मी म्हणायची, "नियम आहे."

गुरुवारी बैठकीला गेले. तिथे केंद्रातल्या बायकांना मी डाग काढायला शिकवते. तिघी आज कामाला लागल्यात, एकीने स्वतःचं दुकान टाकलंय. हे सगळं मी उभं केलंय. त्या दिवशी एक नवी आली होती, गोळ्यांची. मी नेहमीसारखं तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाले, "मी तुम्हाला आजवर जे सांगितलं ते खोटं निघालं. घरात माझ्यावर कुणाचा भरवसा नव्हता. मला वाटत होतं, आहे." आणि सगळं सांगितलं.

नवी म्हणाली, "मग आता हो काय करणार?"

"काय करणार? आले ना इथे. दुकान वाटेतच होतं."

मागून बसवाली खोकली. तिला हसू लपवता येत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला. लेक म्हणाली, "आई, मी लिहून काढलंय. वाचते. मध्ये बोलू नकोस."

"वाच."

"तू एकटी ये. आल्यावर पिशवी माझ्यासमोर उघडायची. पहिला महिना बाळ आणि तू, दोघंच घरात राहायचं नाही. मी दुपारी झोपेन तेव्हा शेजारच्या काकू येऊन बसतील. पुढचं पुढे बघू." तिचा आवाज फाटला. "त्या दिवशी घरात पहिली मी शिरले होते, आई. तू घोरत होतीस आणि भाची आपलं मनगट धरून उभी होती. तो वास माझ्या नाकातून अजून गेला नाही. मला तू हवीयस ग. पण मला भीती वाटते."

उकळतं पाणी अंगावर यावं तसं ते ऐकलं मी. एक शब्दही खोटा नव्हता. जिच्यासाठी बावीस लंगोटं शिवली तिने मला शेजारणीच्या नजरेखाली बसवलं. दुसऱ्या कुणी बसवलं असतं तर मी त्याचं घर डोक्यावर घेतलं असतं. पण ती माझ्याशी बोलली. मला वळसा घालून नाही.

"काकूंना बोलता येतं का? का नुसत्या बसतात?" मी विचारलं.

ती रडता रडता हसली. "खूप बोलतात."

"मग जमेल. आणि पिशवीच कशाला, कोटही उलटा करून दाखवीन. त्याला खूण आहे, खिसे सापडायला सोपं जाईल."

निघायच्या दिवशी दुपारी हे मुलाबरोबर गिऱ्हाइकांकडे कपडे पोचवायला गेले होते. मी त्यांचं कपाट उघडलं, सुई घेतली, आणि माझं काम केलं. मग आम्ही सात नंबरच्या बसने स्थानकावर गेलो. बसवालीने आरशातून ह्यांच्याकडे असं बघितलं की ते पुढची बाकं रिकामी असून मागे जाऊन बसले.

गाडी लागली. पिशवी वर ठेवून ते खाली उतरले आणि खिडकीशी आले. खिशातून छोटी कात्री काढली.

"दे इकडे कोट. काढून टाकतो तो दोरा."

"हात लावायचा नाही."

"अगं, पण…"

"तुम्ही घातलात, तुम्हीच काढणार, मी मधे कुठेच नाही. असं नाही चालायचं. राहू दे. मला वाटेल तेव्हा मी काढीन."

त्यांनी कात्री खिशात ठेवली. डोळे भरले होते. मला नव्या डोळ्यांनी ते अगदी स्वच्छ दिसलं. चाळीस वर्षांचा संसार आहे, दया आली. माफ नाही केलं. दया वेगळी आणि माफी वेगळी, एका पाण्यात धुवायची नसतात.

"पोचलीस की फोन कर," म्हणाले.

"लेकीला करायला सांगीन. तिचा शब्द तुम्हाला पटेल."

गाडी हलली. ते तिथेच उभे होते, इस्त्रीची कडक घडी असलेल्या शर्टात. सोमवारी स्वतःचे शर्ट इस्त्रीला घेतील तेव्हा त्यांना कळेल. सातही शर्टांना, काखेखाली, निळ्या दोऱ्याचे दोन टाके. एका मापाचे नाही जमले, माझा हात तसा नाही. पण शेपूट मी आत वळवली नाही. चांगली बोटभर बाहेर ठेवलीय, दारातूनही दिसेल अशी.